मी उघडलेले पाणी

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो. सायकल दुरुस्तीच्या दुकानात असतो तसला नव्हे. माझी लांबी हातभर, वजन तान्ह्या बाळाएवढे आणि तोंड पाच कोनांचे. तुम्ही पाहिलेले नट सहा कोनी नाहीतर चौकोनी असतील. पण आमच्याकडे आग विझवण्यासाठी रस्त्याच्या कडेला जो बुटका लोखंडी नळ उभा असतो, त्याच्या डोक्यावरचा नट मुद्दाम पाच कोनांचा ठेवतात. कोणीही ऐऱ्यागैऱ्याने उघडू नये म्हणून. त्याला आपण बंबाचा नळ म्हणू. तो फिरवण्यासाठीच माझा जन्म झाला.

जन्म कसला, मारच तो! मला भट्टीत लाल होईस्तोवर भाजले, ऐरणीवर आडवे घातले आणि वरून घण घातले. ओरडायला तोंड होते, पण तेच तर ठोकून बनवत होते.

मग मी फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागात आलो आणि आग विझवणाऱ्या एका बंबाच्या कुशीला पट्ट्याने बांधला गेलो. माझा मालक कॉर्नेलियस पेटवे. धिप्पाड, काळा, कमी बोलणारा माणूस. बावीस वर्षे मी त्याच्या हातात होतो. आम्ही नळ उघडले, काचा फोडल्या, कुलपे तोडली. एकदा तर भिंतीआड अडकलेल्या बाईसाठी त्याने माझ्या एकट्याच्या जोरावर विटा पाडल्या. घरी गेला की तो आपल्या मुलीला, ओडेसाला सांगायचा, "नळ फिरवल्यापासून पाणी यायला अर्धं मिनिट लागतं बघ. तेवढ्यात आतला माणूस किंचाळतो ना, तो आवाज मग कानातून जात नाही."

तो निवृत्त झाला तेव्हा सोबत्यांनी मला घासूनपुसून त्याला भेट दिले. त्याने मला स्वयंपाकघरात खिळ्याला टांगले. दोन वर्षांत त्याची फुप्फुसे गेली, आणि मागोमाग तोही.

घर ओडेसाचे झाले. ती शहराची बस चालवायची. पदरात दोन मुले, नऊ वर्षांची रेनिटा आणि पाच वर्षांचा थिओ. आमच्या गल्लीत घराला घर चिकटलेले, वर डांबराची सपाट छपरे. उन्हाळ्यात ती छपरे अशी तापत की आतला पंखासुद्धा भाजकी हवा फेकायचा. त्या वर्षी जुलैत ऊन पेटले ते विझेचना. वस्तीतला पोहण्याचा हौद भेगा पडून कोरडा होता. दुसरीकडे जावे तर तिकीट.

ओडेसा बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागली, "मुलांना फुकट भिजायला मिळेल अशी जागा कुठे आहे हो?" शेवटी एका म्हातारीने सांगितले की रेल्वेरुळांच्या पलीकडच्या बागेत फरशीतून कारंजी उडतात, कोणी पैसे मागत नाही. रविवारी ओडेसाने डबा भरला, टॉवेल घेतले आणि मुलांना घेऊन निघाली. खुशीत थिओ घरापासूनच अनवाणी निघाला होता.

मी खिळ्याला होतो. पण चार तासांनी ती परतली तेव्हा मला विचारायची गरज पडली नाही. थिओच्या कपाळावर जाड पट्टी होती आणि टॉवेल लाल झाला होता. रेनिटा समोर राहणाऱ्या विल्फ्रेडोला धापा टाकत सांगत होती.

"एक गोरा माणूस म्हणाला, तुमच्या वस्तीत जा भिजायला. आईने लक्षच दिलं नाही. मग तिघं आले. त्यांच्याकडे बेसबॉलची बॅट होती. थिओ पाण्यात उभा होता, त्याने पाहिलंसुद्धा नाही."

"आणि बाकीचे लोक?" विल्फ्रेडोने विचारले.

"एका बाईने आपला टॉवेल उचलला. रक्त लागेल म्हणून."

थिओला सात टाके पडले होते. ओडेसा सिंकमध्ये टॉवेल पिळत राहिली, पाणी स्वच्छ निघाले तरी पिळत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला खिळ्यावरून काढले.

मित्रांनो, खरे सांगतो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस होता. तिने मला नळाच्या डोक्यावर बसवले आणि सगळे अंग टाकून फिरवले. आधी नुसती घरघर, मग गंजकी गुळणी, आणि मग पांढरा लोंढा थेट रस्त्याच्या पलीकडे! घराघरातून मुले सुटली. म्हाताऱ्या पायऱ्यांवर बसून पाय भिजवू लागल्या. समोरच्या घरातला विल्फ्रेडो किलेस बर्फगोळ्याची गाडी घेऊन आला. तो पोर्तो रिकोचा, हसरा, बारीक मिशीचा. घरात बायको लुझ, दोन मुलगे आणि वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली आई. ज्या पोराकडे पैसे नसत त्याला तो म्हणायचा, "जीभ दाखव. लाल नाहीये? मग घे, ही कसली जीभ!"

पाच-सहा दिवसांनी तोच ओडेसाकडे आला. "मिस ओडेसा, राग मानू नका. दिवसभर नका चालू ठेवू हो. वर आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते. आईला आंघोळ घालायला तास लागतो."

"आणि तुझ्या गोळ्याला गिऱ्हाईक कोण आणतंय?"

"ते आहेच म्हणा." तो हसला. पण जाताना पुन्हा म्हणाला, "तासभर तरी बंद ठेवत जा."

ओडेसाने मान हलवली. नळ मात्र बंद केला नाही. थिओ पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून पाण्यात नाचत होता, आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

नवव्या दिवशी पाणीखात्याची गाडी आली. तिच्यातून स्टॅन्ली कोझॅक नावाचा पिकल्या केसांचा माणूस उतरला. तो म्हणाला, "बाई, या भागात सात नळ उघडे आहेत. दाब उतरलाय. उद्या कुठे आग लागली तर बंबवाले काय थुंकून विझवतील?" त्याने नळ बंद केला. ओडेसाने मला लावून पुन्हा उघडला. त्याने पुन्हा बंद केला, आणि या वेळी त्याने मलाच पकडले.

"सोड," ओडेसा म्हणाली.

"हा आमच्या कामाचा पाना आहे. तुझ्याकडे आलाच कसा?"

"माझ्या बापाचा आहे. सोड!"

त्याने सोडले नाही. तिने हिसका मारून मला ओढले, डोक्यावर नेले आणि त्याच्या मनगटावर घातले. हाड वाळक्या काटकीसारखे मोडले. तो गुडघ्यांवर बसला, त्याचा पंजा मनगटापासून भलत्याच दिशेला लोंबत होता. गल्लीने टाळ्या वाजवल्या. कोणी शिट्टी मारली. आजही त्या टाळ्या आठवल्या की मला गंजून जावेसे वाटते. कारण ओडेसाने त्याला नव्हे, बागेतल्या त्या तिघांना मारले होते, आणि ते मलाच ठाऊक होते.

कोझॅक डाव्या हाताने गाडी चालवत निघून गेला. ओडेसाने मला लावून नळ पुन्हा उघडला.

दोन तासही झाले नसतील. विल्फ्रेडोच्या घराच्या वरच्या खिडकीतून धूर आला. आईच्या खोलीतला पंखा आठवडाभर न थांबता चालू होता, त्याची वायर जळाली होती. विल्फ्रेडोने दोन्ही मुलांना काखोटीला मारून बाहेर आणले, त्यांना लुझच्या अंगावर टाकले आणि तो परत वळला. लुझने त्याचा सदरा पाठीमागून धरला. सदरा फाटला. तुकडा तिच्या मुठीत राहिला आणि तो आत गेला.

बंब आला. ओडेसाने धावत जाऊन मला लावून नळाची धार बंद केली, बंबवाल्यांनी आपली नळी जोडली, पाणी सोडले. नळी अर्धवट फुगली आणि मेलेल्या सापासारखी लुळी पडली. आमचा एक नळ बंद झाला होता, पण आसपासच्या गल्ल्यांतले सहा अजून वाहत होते. पाणी खिडकीपर्यंत पोचेना, खालच्या पायरीवरच पडत राहिले. बंबवाले शिव्या घालत, उघडे नळ शोधत गल्ल्यांमधून पळाले.

वर विल्फ्रेडो आईला खांद्यावर घेऊन खिडकीशी आला होता. आम्ही सगळ्यांनी त्याला पाहिले. मग मागून ज्वाळा आली आणि खिडकी नुसतीच लाल झाली. तो किंचाळला. कॉर्नेलियस अर्ध्या मिनिटाची गोष्ट सांगायचा. इथे पाणी यायला अकरा मिनिटे लागली.

आले तेव्हा ते इतक्या जोरात आले की खिडकीची चौकट उखडून पडली. पण आता त्याचा उपयोग कोणाला?

लुझ वळली. तिच्या मुठीत अजून सदऱ्याचा तुकडा होता. "तुझ्या पोरांना गार वाटावं म्हणून माझा माणूस भाजला!" ती ओडेसाच्या अंगावर गेली, नखांनी तोंड ओरबाडले, केस धरून तिला रस्त्यावर आपटले. ओडेसाने हात वर केला नाही. लुझने तिच्या मुठीतून मला काढून घेतले आणि तिच्या गुडघ्यावर मारले. मग पुन्हा त्याच गुडघ्यावर. तिसऱ्यांदा मी डोक्याच्या रोखाने वर गेलो, आणि मध्ये रेनिटा येऊन उभी राहिली. अंगावर पोहण्याचा ओला पोशाख. लुझने तिच्याकडे पाहिले. मग तिची बोटे सुटली आणि मी डांबरावर पडलो.

पोलिसांनी विचारले, "गुडघा कोणी फोडला?"

"पायरीवरून पडले," ओडेसा म्हणाली.

"आणि त्या माणसाचं मनगट?"

"ते मी मोडलं. या पान्याने."

ती चार महिने तुरुंगात राहिली. बसची नोकरी गेली, पाय कायमचा वाकडा झाला. मी कोर्टाच्या कपाटात पुरावा म्हणून पडलो. माझ्या एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला दोन पिस्तुले. आमच्यात कोणी कोणाला विचारत नसे की तू काय केलेस. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली होती, तिच्यावर लिहिले होते 'हत्यार'. पुढच्या जूनमध्ये मला ओडेसाच्या हवाली केले तेव्हाही ती चिठ्ठी तशीच होती. ओडेसाने ती काढली नाही. तिने मला पिशवीत घातले आणि काठी टेकत चर्चच्या तळघरात भरलेल्या गल्लीच्या सभेला नेले.

ती उभी राहताच कोणीतरी ओरडले, "खुनी!" एक घडीची खुर्ची भिरभिरत येऊन तिच्या खांद्याला लागली. ती पडता पडता टेबलाला धरून राहिली.

"मारा," ती म्हणाली, "पण आधी ऐका. पुढच्या महिन्यात पुन्हा ऊन पेटणार. पुन्हा पोरं तापणार. पुन्हा कोणीतरी आई नळाकडे बघणार. मी बघितलं तसंच. मुलांना फुकटचं पाणी द्या. पण बंबाचं पाणी नको, वेगळं. मी शहराकडे अर्ज लिहिलाय. सह्या करा."

मग मागून एक माणूस उठला. त्याचे मनगट वाकडे होते. "करता येतं तसं," स्टॅन्ली कोझॅक म्हणाला. "फवाऱ्यांचं अंगण म्हणतात. बारीक नळी, बारीक छिद्रं. पोराने बटण दाबलं तरच पाणी, नाहीतर बंद. एक बंबाचा नळ जितकं ओकतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण जागा कुठाय इथे?"

दाराशी शोकाच्या काळ्या कपड्यांत लुझ उभी होती. तिने ओडेसाकडे पाहिलेसुद्धा नाही. कोझॅकला म्हणाली, "माझं जळालेलं घर आहे ना. पाडा ते. तिथे करा."

आणि ती निघून गेली. सगळ्यात आधी खुर्ची फेकणाऱ्याने सही केली.

अर्ज, खेटे आणि नकाशे यांत तीन उन्हाळे गेले. त्या तीन उन्हाळ्यांत लुझ रस्त्यात ओडेसासमोर आली की पलीकडे जायची. चौथ्या जूनमध्ये अंगण उघडले. निळी फरशी, तिच्यातून उडणारे अठरा फवारे, कडेने बाक. तिकीट नाही, फाटक नाही. रुळांच्या पलीकडूनही काही आया पोरांना घेऊन आल्या, जरा बिचकत. त्यांना कोणी काही बोलले नाही. थिओने कपाळावरच्या व्रणावर फवारा धरला आणि खिदळत सुटला.

ओडेसा एकटीच बाकावर बसली होती, मी पिशवीत. कार्यक्रमाला बंब आला होता. लुझचे दोन्ही मुलगे बटणावरून भांडत होते. तेवढ्यात लुझ बाकापाशी आली आणि उभी राहिली.

"पिशवीत काय आहे?" तिने विचारले.

"तोच."

"कशाला आणलास?"

"बंबवाल्यांना परत देणार. त्यांचाच आहे."

लुझने पिशवीत हात घातला, मला बाहेर काढले. मी घाबरलो, मित्रांनो. त्या हाताची मला ओळख होती. तिने माझ्या गळ्यातली चिठ्ठी वाचली, दाताने दोरा तोडला आणि मला बंबाशी उभ्या असलेल्या तरुण बाईच्या हातात नेऊन दिले. मग ती बाकाकडे परत गेली.

"सरक," ती ओडेसाला म्हणाली.

ओडेसा सरकली. दोघी बसल्या. पुढे त्या काय बोलल्या, किंवा काही बोलल्या का, हे मला माहीत नाही. बंब सुरू झाला होता.

आता मी पुन्हा पट्ट्याने बांधलेला आहे. म्हातारा झालो आहे, तोंडाचे कोन झिजले आहेत. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या गावात मुलांसाठी पाणी नसेल तर ते मागा. मोठ्यांना मागायला लावा, ओरडून मागा, पुन्हा पुन्हा मागा. आणि दुसऱ्याच्या आगीसाठी राखलेले पाणी राखलेलेच राहू द्या. दिवसभर मी इथे नुसता लटकलेला दिसलो तर मला आळशी म्हणू नका. त्या दिवशी कोणाचे घर जळलेले नसते.