खासबागेतली गोरी पाहुणी

आण्णाप्पा दुपारी कधी घरी येत नसे. त्यामुळे फाटकाची कडी वाजली तेव्हा मालूला वाटलं, पोस्टमन असेल. ती मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. सातवा महिना चालू होता, पाय लांब करूनच बसावं लागे. मान वळवून बघते तर आण्णाप्पा, आणि त्याच्या मागं पाठीवर भलंमोठं बोचकं बांधलेली एक गोरी बाई.

पुढच्या सोप्यात घरमालकीण मनुबाई आक्का सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांचं सूप हवेतच थांबलं.

"हापिसातल्या सायबाची पाव्हणी हाय, आक्का," आण्णाप्पा न थांबता म्हणाला. "दोन दिस ऱ्हाईल. मग गोव्याला जाणार."

"एकटीच?"

"व्हय."

खोलीत शिरल्याबरोबर त्यानं दार लोटलं. बाईनं बोचकं उतरवलं, मालूकडं पाहून हसली आणि मालूच्या पोटाकडं पाहिलं. मग पायांकडं. नजर तिथंच जरा जास्त वेळ थांबली. मालूनं पदर पुढं ओढला.

"कोण ही?"

"नाव मॉरीन. विलायतेची. काउंटरवर येऊन मोठ्यानं इचारती, निपाणीचा आण्णाप्पा कोण म्हणून. सगळं एक्सचेंज बघाय लागलं." त्यानं घाम पुसला. "भीमानं पत्ता दिलाय म्हंते."

भीमाप्पा आण्णाप्पाचा धाकटा भाऊ. निपाणीत कॉलेज करायचा आणि मोर्च्यात पुढं असायचा. दोघा भावांत बोलणं नव्हतं. कारण ही खोली.

बेळगावात टेलिफोन एक्सचेंजला नोकरी लागल्यावर आण्णाप्पानं कितीतरी खोल्या पाहिल्या. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली निघायची. शेवटी खासबागेत, मागाची खटखट चालते त्या गल्लीत, त्यानं मनुबाईंना आडनाव निपाणीकर असं सांगितलं. मनुबाई खानापूरकडच्या शेतकरी घरातल्या, विधवा, सोवळ्याओवळ्याच्या कडक. त्यांनी खोली दिली. त्या दिवशी मालूनं बाबासाहेबांची तसबीर लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. आण्णाप्पा निपाणीला जाऊन आईला सांगून आला, "तू तिकडं येऊ नको. काय लागलं तर मीच येतो." त्याची आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत काम करायची. तिनं ऐकून घेतलं. भीमा मात्र लई बोलला.

"मग भीमानं मुद्दाम धाडली असंल," मालू हळूच म्हणाली. "आपलं उघडं पाडाय."

"मलाबी तसंच वाटतंय. पर हाकलली तर गावभर इचारत फिरंल. परवा सकाळच्या गोव्याच्या गाडीत बसवतो."

"काम काय करती?"

आण्णाप्पानं इंग्रजीत विचारलं. ऑपरेटरचं इंग्रजी, तुटक पण स्वच्छ. बाईनं उत्तर दिलं.

"सध्या काही नाही म्हंते. फिरती नुसती."

तिशी उलटलेली बाई, नवरा नाही, नोकरी नाही, नुसती फिरते. बसस्टँडवर गोव्याला जाणारे हिप्पी मालूनं पाहिले होते, पण ते घोळक्यानं असायचे. आणि ही केस नीट बांधलेली, नखं बारीक कापलेली. हात तर सारखे साबणानं धुवायची. हिप्पी असं हात धुतात होय?

संध्याकाळपासून मालूचं डोकं धरलं.

दुसऱ्या दिवशी आण्णाप्पा कामाला गेला आणि दोघी घरात राहिल्या. मालू चुलीपुढं, मॉरीन कोपऱ्यात. मालू कुठंही गेली तरी ती नजर मागं यायची. मालूनं जेवताना लोणचं घेतलं तशी मॉरीननं हात पुढं करून बरणी उचलली, वास घेतला, जिभेला लावलं, मान हलवली आणि बरणी सरळ वरच्या फळीवर ठेवून दिली. परक्याच्या घरात! मालू बघतच राहिली. थोड्या वेळानं ती मालूच्या पायाशी येऊन बसली आणि काही कळायच्या आत अंगठ्यानं नडगीवर दाबलं. चांगलं जोरानं. अंगठा काढला तर तिथं खळगा तसाच राहिला. मॉरीन त्या खळग्याकडं पाहत राहिली. मालूनं पाय आखडून घेतला आणि उठून अंगणात गेली.

मनुबाई तिथंच होत्या. "काय गं, तोंड का असं झालंय?"

"डोकं दुखतंय, आक्का. काल सांजपासनं."

"काल सांजपासनं म्हंजे ती आल्यापासनं." मनुबाईंनी खोलीच्या दाराकडं पाहिलं. "पोटुशी बाईकडं असं टकामका बघत्यात व्हय? थांब, दृष्ट काढते."

त्यांनी मीठ-मोहऱ्या आणल्या, ओवाळल्या, चुलीत टाकल्या. तडतड ऐकून मालूला जरा बरं वाटलं. मग मनुबाई तिथंच बसल्या.

"सायबाची पाव्हणी म्हणला नव्हं आण्णाप्पा? मग सायबाच्या बंगल्यावर का न्हाय ऱ्हायली?"

"मला काय ठावं, आक्का."

"निपाणीला तुमचं घर कुठल्या गल्लीत म्हणालीस?"

मालूचं डोकं पुन्हा ठणकलं. आपण कधीच काही म्हणालो नव्हतो, हे तिला पक्कं आठवत होतं. "स्टँडाच्या मागं," ती म्हणाली.

"स्टँडाच्या मागं," मनुबाईंनी तिचेच शब्द सावकाश म्हटले आणि उठल्या.

रात्री जेवताना मॉरीन भिंतीकडं पाहत काही बोलली. आण्णाप्पाच्या हातातला घास थांबला.

"काय म्हंते?" मालूनं विचारलं.

"इचारती, तसबीर कुठाय. भीमाच्या घरात एवढी मोठी हाय, हितं का न्हाय."

"आवाज बारीक करा म्हणावं तिला!"

आण्णाप्पानं तिला काहीतरी तुटक सांगितलं. खरं काय ते सांगायला त्याची जीभ रेटली नाही. मॉरीनला काहीच कळलं नाही एवढं तिच्या तोंडावरून दिसत होतं. पलीकडं मनुबाईंच्या सोप्यात दिवा जळत होता आणि माग थांबल्यावर भिंतीतून सगळं ऐकू जायचं.

सकाळी मालू उठली तर डोळ्यांपुढं बारीक ठिणग्या नाचत होत्या. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. दाराला धरून ती उभी राहिली. अंगणात मॉरीन आंघोळ करून, धुतलेला निळा झगा घालून उभी होती. मनुबाई बादली घेऊन आडाकडं निघाल्या होत्या. मॉरीननं त्यांच्याकडं पाहून दोन्ही हात जोडले आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "जय भीम, आई!"

मनुबाई थबकल्या. त्यांनी मॉरीनकडं पाहिलंच नाही. त्यांनी दारातल्या मालूकडं पाहिलं. मग बादली जिथल्या तिथं ठेवली, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

आण्णाप्पा धावत आला. मॉरीनला दंडाला धरून त्यानं आत आणलं. तो इंग्रजीत ओरडत होता आणि मधूनच मराठीत. "भीमानं शिकवलं व्हय हे? बोल! कशाला धाडलं त्यानं तुला?"

मॉरीन घाबरली होती, पण मागं सरली नाही. ती बोलू लागली. मालूला इंग्रजी येत नव्हतं, पण शब्द ओळखीचे निघाले. मदर. तानीबाई. बेबी. बोलता बोलता आण्णाप्पाचा आवाज खाली खाली येत गेला आणि शेवटी तो ट्रंकेवर बसला.

"काय म्हंते? सांगा की."

"कोल्हापूरहून गोव्याला निघाली हुती. निपाणी स्टँडवर ताप भरून पडली. आई वखारीतनं येत हुती, तिनं घरी नेली. सांभाळली." तो थांबला. "ही दवाखान्यात बाळंतपणं करायची, तिकडं. नर्स. नोकरी सोडून आलीया. आईला ते कळलं तवा आई म्हणाली, माझ्या सुनंला बघून ये. मला तितं जाता येत न्हाय. मी धाडलं म्हणू नको, न्हायतर ल्योक दारातनं परतवंल. आन् तपासाय आलीस म्हणूनबी सांगू नको, पोरगी भिईल. भीमानं नुसतं इंग्रजी करून सांगितलं."

"मग ते जय भीम?"

"आई सकाळी सगळ्यांस्नी म्हंते. आज हिचा नाताळ हाय. सणाच्या दिशी कुणाला तरी नमस्कार करावा म्हणून केला म्हंते."

मॉरीन मालूकडं आली, बांगड्यांखालची सुजलेली कातडी पाहिली, डोळ्यांपुढं बोटं नाचवून खुणेनं काही विचारलं. मालूनं मान हलवली. व्हय, ठिणग्या दिसतात. तशी मॉरीन आण्णाप्पाकडं वळून भराभरा बोलली.

"आत्ताच दवाखान्यात न्ह्या म्हंते. न्हायतर झटके येतील, जिवाचं काय खरं न्हाय म्हंते." आण्णाप्पा उठला आणि पुन्हा बसला. "मालू, खरं असंल काय गं हे? का ह्यातबी काय डाव हाय? ही नर्स हाय हे तरी कशावरनं?"

मालूनं आपला पाय पुढं केला. नडगीवर स्वतःच अंगठा दाबला. खळगा पडला, तसाच राहिला.

"पहिल्या टायमाला सासूआत्तीनं असंच दाबून बघितलंतं," ती म्हणाली. "ह्याच महिन्यात. पाय लई सुजल्यात, दाखवून आण म्हणाल्यात्या तुमास्नी. तुमी म्हणाला, पोटुशीचे पाय सुजत्यातच. मग ते लेकरू गेलं." तिला धाप लागली होती. "हे आपल्या तिघांबिगर कुणाला ठावं न्हाय, आन् ही आल्या आल्या माझ्या पायांकडंच बघत हुती. आत्तीनंच हिला धाडलंय. मी जाते. तुमी येत नसला तर हिच्यासंगं जाते."

आण्णाप्पा चपला शोधू लागला.

फाटकात रिक्षा उभी होती. मनुबाईंनी ती कधी बोलावली कुणाला कळलं नाही. पदर तोंडाशी धरून त्या बाजूला उभ्या होत्या. मालू जवळून गेली तेव्हा म्हणाल्या, "जपून बस, पोरी." आणि मागून येणाऱ्या आण्णाप्पाला तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या, "हिचं सुखरूप झालं की खोली सोडा. मला चारचौघांत ऱ्हायाचं हाय."

दवाखान्यात सणामुळं माणसं कमी होती. बाह्या दुमडून मॉरीन सरळ आत गेली. तिथल्या थोरल्या सिस्टरनं आधी तिला बाहेर काढलं, कोण कुठली बाई म्हणून. मग दोघींचं इंग्रजीत काहीतरी जुळलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितल्यावर सिस्टरनं डॉक्टरांच्या घरी माणूस पिटाळला. मालूला इंजेक्शन दिलं, मीठ बंद सांगितलं, खोलीत अंधार केला. पुढचं मालूला अर्धवट आठवतं. हाताला धरून कोणीतरी बसलं होतं, बारीक आवाजात परक्या भाषेतलं काहीतरी गुणगुणत.

आण्णाप्पानं पुढं काय केलं ते त्यानं मागाहून सांगितलं. तो एक्सचेंजला गेला आणि निपाणीच्या वखारीला ट्रंक कॉल लावायला सांगितला. बोर्डावर त्याचेच सोबती बसले होते, कानाला हेडफोन लावून. पलीकडून दिवाणजी ओरडला, "तानीबाई चार हाईत हितं! कुठली पायजे?"

लाईन तुटली की काय म्हणून बोर्डावरच्यानं वर पाहिलं.

"बौद्धवाड्यातली," तो म्हणाला. "मी तिचा ल्योक बोलतोय बेळगावहून. आईला म्हणावं, हाय तशी ये."

त्यानं फोन ठेवला. एकानं पाण्याचा तांब्या पुढं केला. रोज डबा एकत्र खाणारा दुसरा मान खाली घालून तारा जोडत राहिला आणि त्या दिवसानंतर वेगळा बसून जेवू लागला.

परत आल्यावर तो बाकड्यावर मॉरीनशेजारी बसला. मग इंग्रजीत म्हणाला, "तुमचा सण आहे. घरी वाट बघत असतील."

"आई होती तोवर बघायची," मॉरीन म्हणाली. "ती यंदा गेली. भावाच्या घरी तिची रिकामी खुर्ची बघत जेवायचं नव्हतं, म्हणून नाताळाच्या आधीच लांब निघाले. गोव्यात समुद्रावर एकटीच बसणार होते."

थोरल्या सिस्टरनं घरून आणलेला केक कागदावर ठेवून दोघांपुढं सरकवला. आण्णाप्पानं आपला तुकडाही मॉरीनच्या हातावर ठेवला. तिनं तो पुन्हा अर्धा करून त्याला दिला.

दिवेलागणीला तानीबाई आली. लुगड्याला तंबाखूचा वास, हातात पिशवी. लेकाकडं न बघता ती आधी खाटेशी गेली, मालूचे पाय चाचपले, मग मॉरीनच्या गालावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी बराच वेळ बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी आण्णाप्पानं मॉरीनला गोव्याच्या गाडीत बसवून दिलं. बोचकं त्यानं स्वतःच्या पाठीवर घेतलं होतं. गाडी सुटताना त्यानं हात जोडले आणि तिनं शिकलेला तो नमस्कार आधी त्यानंच केला.

मालूला पुष्कळ दिवस दवाखान्यात ठेवलं. संक्रांतीनंतर मुलगी झाली. इवलीशी, पण रडली ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. एका सकाळी मनुबाई दारापर्यंत आल्या, आत मात्र आल्या नाहीत. कापडात बांधलेल्या भाकरी आणि लसणीची चटणी सिस्टरच्या हातात देऊन, लांबूनच बाळाकडं बघून निघून गेल्या.

"कोण गं ती?" तानीबाईनं विचारलं.

"घरमालकीण. खोली सोडा म्हणाल्यात."

तानीबाईनं फडकं सोडलं, भाकरी बोटानं दाबून बघितली. मऊ होती. तिनं तुकडा मोडून मालूच्या हातात दिला.

"सोडू की," ती म्हणाली. "आदी तू खा."