पुलाच्या पैशाचं कारंजं

आमची वस्ती नगरपालिकेच्या हद्दीत आहे, हे त्यांना फक्त घरपट्टी घ्यायच्या वेळी आठवतं. एरवी मध्ये ओढा आहे. शाळा, बाजार, सरकारी दवाखाना सगळं तिकडे. इकडे बाभळी आणि आम्ही. पावसाळ्यात ओढा भरला की पाणी उतरेपर्यंत काठावर बसायचं, मग कुणाला ताप असो की कळा.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत नगरपालिकेला शहर सुधारायला मोठा निधी आला. एवढा पैसा आमच्या तालुक्याच्या गावाने कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता पूल होणार. मी चतुराबाई, वस्तीतली अंगणवाडीची बाई. चार बुकं शिकलेली, म्हणून जरा जास्तच भोळी.

निधी कशावर खर्चायचा, कुणाची हरकत आहे का, हे ठरवायला सभा ठेवली पौषात. पौषात आमच्या वस्तीत असतं कोण? दसरा झाला की माणसं ऊस तोडायला जातात, ती कारखाना बंद झाल्यावरच परततात. मागे म्हातारे आणि कुलपं. ही तारीख सुचवली होती दत्तरावने. आमचाच नगरसेवक, आमच्याच मतांवर निवडून आलेला. आणि ऊसतोडीचा मुकादमही तोच. वस्ती ट्रकमध्ये भरून त्यानेच कारखान्यावर पाठवली होती. माझा मुलगा आश्रुबा आणि सून कोकिळा त्याच ट्रकमध्ये.

जाताना घराच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवायची वस्तीची रीत आहे. त्या सगळ्या लुगड्याच्या ओट्यात बांधून मी सभेला गेले आणि अध्यक्ष आबासाहेबांच्या टेबलावर ओतल्या.

"ही आमची हरकत," मी म्हणाले. "घरं बंद हायेत, माणसं मेली न्हाईत. आमाला पूल पायजे. पावसात बाई अडली तर दवाखान्यात न्यायची कशी?"

"बाई, किल्ल्या हात वर करतेत का?" आबासाहेब म्हणाले. सभा हसली.

मग दत्तराव उठला. "मी वस्तीचाच हाय. वस्तीची काई हरकत न्हाई. चौकात कारंजं झालं तर गावाची शान वाढंल."

कारंजं, तेही रंगीत दिव्यांचं. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथे ते हवेत उडवायचं. डोकं भणाणलं माझं. मी किल्ल्या गोळा केल्या. दोन-चार खाली पडल्या होत्या, त्या उचलून द्यायला एकही जण वाकला नाही.

माणसं परतली तेव्हा कोकिळेला पाचवा महिना लागला होता आणि चौकात कारंज्याचा चबुतरा उभा राहिला होता. वस्ती चिडून दत्तरावच्या दारात गेली. त्याने चहा पाजला, पुढच्या निधीत पूल पक्का म्हणाला, आणि आमचे वाघ चहा पिऊन परत आले. मुकादमाशी वाकडं घेतलं तर पुढच्या हंगामाला काम नाही, हे मलाही कळत होतं. तरी मला त्यांचा रागच आला.

कारंज्याचं उद्घाटन पंधरा ऑगस्टला ठरलं. डोक्यावर कलश घेऊन बायका आणायचं काम दत्तरावने अंगावर घेतलं होतं. आदल्या रात्रीपासून पाऊस लागला, पहाटे कोकिळेला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. झुंबरबाई सुईण म्हणाली, "हे माझ्या हातचं न्हाई, डॉक्टर बगा." आम्ही कोकिळेला बाजेवर घालून काठावर आणलं. ओढा दोन्ही थड्या भरून चालला होता.

पलीकडे दत्तराव आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"मावशी, बायका कुठायत? पावणे खोळंबलेत," तो ओरडला.

"कोकिळा अडलीय," मी ओरडले. "दोर टाका, माणसं पाठवा. न्हाईतर तुमीच या."

त्याने धोतर वर धरलं, घोट्याएवढ्या पाण्यात उतरला, आणि मागे फिरला. माणसं पाठवतो म्हणाला. कुणीही आलं नाही. लाऊडस्पीकरवर भाषणं चालू होती, ती मात्र ओढ्याअलीकडे स्पष्ट ऐकू येत होती.

शेवटी झुंबरबाईनेच हात घालून बाळ फिरवलं. ते तिथेच झालं, बाभळीखाली. मुलगा होता. झुंबरबाईने त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, नाकातोंडात फुंकर घातली. रडलं नाही. कोकिळा वाचली. बाळ कुठंय, एवढंच विचारत राहिली.

संध्याकाळी ओढा उतरला. आश्रुबाने ओढ्याकाठी खड्डा खणला. आमच्यात बाया मातीला जात नाहीत. मी गेले, आणि मला अडवायची कुणाची छाती झाली नाही. तेवढ्यात दत्तराव आला, मान खाली घालून. रीतीप्रमाणे सगळ्यांनी मूठमूठ माती दिली. तोही वाकला. त्याने मूठ भरली तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. या माणसाला आजवर मी अरेतुरे केलं नव्हतं.

"दत्ता, तुझी माती हितं न्हाई पडायची," मी म्हणाले. "ती वड्यात टाक. पुलाला तेवढाच भराव."

तो मूठ मिटून तसाच उभा राहिला. मग आश्रुबाने त्याचा दंड धरला आणि ती माती टाकायला त्याला ओढ्याकडे चालवत नेलं. एकाही माणसाने सोड म्हटलं नाही.