हालचालींची चोरी

नृत्यं बसवणं हा ज्यांचा धंदा होता त्या बाईंना तालमीत सगळे ‘बाई’ म्हणत आणि घरात ‘वहिनी’. एकोणिसाव्या वर्षी त्या एका नृत्यमंडळीत शेवटच्या रांगेत नाचायला लागल्या, आणि पहिल्या रांगेत पोचेपर्यंत छत्तीस वर्षांच्या झाल्या. त्याच वर्षी घोटा मोडला. डॉक्टर म्हणाले, उड्या विसरा. बाई उड्या विसरल्या आणि एका बंद पडलेल्या छापखान्यात आठ नर्तक गोळा करून स्वतःच्या रचना बसवायला लागल्या.

पायांचं काम आता डोळ्यांवर आलं. रांगेत कंटाळलेली माणसं या पायावरचं वजन त्या पायावर कशी टाकतात, बाळाला झुलवणारा बाप बाळ खाली ठेवल्यावरही एकटाच कसा झुलत राहतो, हे सगळं बाई वहीत काड्यांची माणसं काढून टिपून ठेवत. अठरा वर्षांत बावीस रचना झाल्या. त्यांतली निम्मी माणसं घरातलीच होती, फक्त घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागला बाविसाव्या रचनेला. पहिल्या प्रयोगाला वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. रंगमंचावर एक नर्तकी चष्मा शोधत होती. तिने छाती चाचपली, टेबल चाचपलं, शेवटी डोक्यावर हात नेला. चष्मा सापडला तेव्हा तिने आजूबाजूला अशा रागाने पाहिलं, जणू कुणीतरी मुद्दाम तो तिथे लपवला होता. सभागृह खदखदून हसलं. वन्संही हसल्या.

“ताई, अगं ही तूच की!” शेजारून बाईंचा नवरा म्हणाला.

वन्संचं हसू जागच्या जागी थिजलं.

त्या दिवसापासून घर सावध झालं. बाई खोलीत आल्या की सगळे फोटो काढायला बसवल्यासारखे ताठ. वन्सं चहाचा कप असा उचलत, जणू तो पुरावा म्हणून कोर्टात सादर करायचा आहे. नवरा तर पाठ खाजवायलाही दाराआड जायचा.

आणि इकडे तेविसावी रचना सहा आठवड्यांवर आलेली! बाई माणसं बघायला बँकेत जाऊन बसल्या, तर पहारेकरी म्हणाला, “मॅडम, तुमचं काम काय आहे नक्की?” मग त्यांनी मनानेच काहीतरी रचलं. नर्तकांनी ते इमानेइतबारे करून दाखवलं. त्यांच्यातला सगळ्यांत जुना, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो घाम पुसत म्हणाला, “छान आहे, बाई. म्हणजे मागच्या दोन रचनांत होतं, तेव्हासुद्धा छानच होतं.”

त्या रविवारी वन्सं आल्या. बाहेर रखरखीत ऊन आणि हातात छत्री.

“काय गं, सुचलं का काही?”

“नाही हो, वन्सं.”

“सुचणार कुठून? आम्ही सगळे सावध झालोय ना.” वन्संनी खोलीतच छत्री उघडली. “मी छत्री कशी मिटते, ते पाहिलंयस कधी?”

आणि त्यांनी छत्री मिटून दाखवली. घरी सराव केलेला दिसत होता. काड्या एकेक करून सरळ, पट्टा एका झटक्यात बंद, आणि सगळं बक्षीस समारंभातल्यासारखं. बाईंना ‘वा’ म्हणणंही जड गेलं. पण छत्री मिटून झाल्यावर वन्संनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाईंकडे पाहिलं, लगेच नजर खिडकीकडे वळवली, नीट असलेले केस पुन्हा नीट केले, छत्री परत उघडायला हात नेला आणि लाजून आवरला.

बाईंनी वही ओढली. या वेळी उघडपणे.

“वन्सं, उद्या तालमीला याल?”

“मी? छे, काहीतरीच तुझं! किती वाजता?”

दुसऱ्या दिवशी छापखान्यात वन्संना खुर्ची मिळाली. बाईंनी नर्तकांना सांगितलं, एकाने रोजचं काम करायचं आणि बाकीच्यांनी रोखून बघायचं. लंबूने अंथरूण आवरलं. सुरेख.

“फार चांगलं करतोयस, बाळा,” वन्सं खुर्चीतून म्हणाल्या. “कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस इतकं चांगलं नाही करत. जरा जास्तच करतो, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटते.”

अठरा वर्षांत बाईंना कुणी इतकी नेमकी सूचना दिली नव्हती. पुढे पाच आठवडे त्या ‘जरा जास्त’वर आणि त्या लाजेवर काम चाललं. संगीत बाईंनी निम्म्याहून जास्त काढून टाकलं. मधल्या एका सुट्टीत त्या हळूच म्हणाल्या, “वन्सं, तो चष्मा न विचारता घेतला. चुकलं माझं.”

“चुकलंच. शिवाय मी डावा हात आधी नेते. तुझ्या त्या नाचणाऱ्या मुलीने उजवा नेला.”

पहिला प्रयोग झाला. या वेळी हशा कमी पडला. लोक आधी हसले, मग स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे गप्प बसून राहिले. एका समीक्षकाने लिहिलं की काही समजलं नाही, पण घरी जाईपर्यंत नीट चालता आलं नाही. बाईंनी ती स्तुतीच मानली.

प्रयोग संपल्यावर एरवी ‘छान झालं हं’ म्हणून पांगणारे घरचे त्या संध्याकाळी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर भांडत उभे होते.

“तो लंबू हात मागे बांधून उभा राहतो ना, ते माझं आहे,” नवरा छाती काढून म्हणाला.

“तुझं कसलं डोंबलाचं!” वन्सं म्हणाल्या. “बाबा उभे राहायचे तसे. तू त्यांचं उचललंस.”

बाई लग्न होऊन आल्या त्याच्या आधीच सासरे गेले होते. बाईंनी त्यांना पाहिलं होतं ते फोटोतच, आणि फोटोत ते बसलेले.

“कसे उभे राहायचे?” त्यांनी विचारलं.

वन्संनी पर्स भावाच्या हातात कोंबली आणि दोन पायऱ्या वर चढून, हात मागे बांधून उभं राहून दाखवलं. जाणारी-येणारी माणसं बघत होती. वन्संचं तिकडे लक्षच नव्हतं.

“पण मान थोडी डावीकडे,” त्या म्हणाल्या. “आणि घाई म्हणून कसली नाही.”