सनोबरचे हात

मर्गिलान शहरातल्या आम्हा आठ कोडवाल्या बायकांची महिन्यातून एकदा 'गप' भरते, म्हणजे जेवणाची आणि गप्पांची बैठक. एकीच्या घरी पुलाव आणि सगळ्यांच्या तोंडी गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. नियम एकच. जी डागांवर मलम थापून येईल, तिनं पुलावाची सगळी गाजरं धुवून चिरायची. बाहेर काय लपवायचं ते लपवा, इथे नाटकं नकोत. सनोबर आमच्यात सगळ्यांत लहान. पहिल्या दिवसापासून तिच्या हातांवर मलम आणि पुढ्यात गाजरं.

त्या दिवशी गप तिच्याच घरी होती. तिनं गाजरं धुवायला घेतली आणि नेमक्या तेव्हाच खोसियत खाला दारात उभ्या राहिल्या, आपल्या मुलासाठी सनोबरला बघायला. आमच्याकडे मागणी घालणारी बाई कळवून येत नाही. कळवलं तर घर आवरलेलं दिसेल ना!

पाण्यानं मलम केव्हाच उतरलं होतं. सनोबरच्या आईनं पाहुणीला बसवलं, चहा दिला आणि लेकीच्या कानात पुटपुटली, "हात पाण्यातच ठेव. बाहेर काढशील तर बघ!"

खालांची नजर मात्र आमच्यावर फिरत होती. माझी हनुवटी, ओइसोरा आपांच्या पापण्या, माझ्या शेजारी बसलेलीची मान. एक मुलगी बघायला आल्या बिचाऱ्या, आणि समोर हे प्रदर्शन! चहाचा पेला त्यांच्या हातातच राहिला.

"हे... एकाचं दुसऱ्याला लागतं का हो?"

ओइसोरा आपांनी उभा जन्म बस चालवली, त्यांना हळू बोलता येत नाही. "छे हो! सासूला लागावं म्हणून मी तीस वर्षं तिच्या ताटात जेवले. गेली बया तशीच, गव्हाळच्या गव्हाळ!"

आम्ही हसून लोळायच्याच बाकी होतो. सनोबरही हसली, मग पाण्यातल्या हातांकडे बघत राहिली. तिनं हात तसेच ठेवले असते, तरी मी तिला बोल लावला नसता.

तिनं हात बाहेर काढले, पुसले आणि किटली उचलून नवा पेला भरला.

"खाला, तो गार झाला. हा घ्या."

आईनं डोळे मिटून घेतले. खालांनी ते हात नीट, अगदी मनगटापर्यंत न्याहाळले. मग पेला घेतला आणि दोन घोट प्यायल्या.

"मुलाला सांगावं लागेल मला."

"सांगाच की. आणि पुढच्या गपीला त्याला घेऊन या. तुम्ही मला बघितलंत, आता आम्ही त्याला बघू."

"अगं, तुम्हा आठजणींसमोर? घाबरेल पोरगं!"

"मग नुसता चहा पिऊन परत जाऊ दे त्याला," सनोबर म्हणाली. "मला न घाबरणारा हवाय."