कठड्याजवळचं टेबल

सिडनीच्या बंदरावरच्या त्या मेल्या रेस्टॉरंटमध्ये महिनोन्‌महिने टेबल मिळत नसे. मालवणहून आई येणार, म्हणून चित्राने फोन करकरून मे महिन्यातलं मिळवलं, कठड्याजवळचं, दोघींसाठी. पण सीमा उघडल्याच नाहीत, आणि एप्रिलमध्ये कोरोनाने आईला नेलं. दहावं चित्राने फोनवरच पाहिलं. पिंडाला कावळा काही केल्या शिवेना.

"काय राहिलं असेल गं आईचं?" भाऊ विचारत होता.

चित्राने टेबल रद्द केलं नाही. एकटीच गेली. मासा आल्यावर पहिला घास तिने कठड्यावर ठेवला.

"पक्ष्यांना खायला घालू नका, प्लीज," वेटर म्हणाला.

तोवर सीगलने झडप घातली होती.

"जेवू दे रे तिला," चित्रा मराठीतच म्हणाली, "फार वाट बघितलीय तिने."