बाविसावा किलोमीटर

आमच्या गाडीला दोन पोटं आहेत, एक विजेचं आणि एक पेट्रोलचं. घरी प्लगला लावून ठेवली की ती पंचेचाळीस किलोमीटर विजेवर धावते. वीज संपली की कुणाला न सांगता पेट्रोलवर जाते.

बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण जवळपासच. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला 'जवळपास' कसं समजावणार? म्हणून मी नियम केला. वीज आहे तोवर फिरा, पेट्रोलचा काटा हलला की किल्ली माझ्याकडे. बाबा नुसतं "बरं" म्हणाले.

माझी धाव रोज प्रेसपर्यंत, येऊन-जाऊन बारा किलोमीटर. त्यामुळे आठ महिने काटा जागचा हलला नाही. गेल्या महिन्यात मात्र हलला, आणि हलतच राहिला.

मी प्रेसमध्ये मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार मिळतो, त्यामुळे संशय अंगात मुरलेला. किल्ली मागण्याआधी मी गुपचूप मीटर पाहू लागले. गुरुवारी मी घरून काम करते, तेव्हा गाडी बाबांची. पहिल्या गुरुवारी चव्वेचाळीस किलोमीटर. पुढच्या गुरुवारी चव्वेचाळीस. त्याच्या पुढच्याही! म्हणजे विजेत सहज बसणारे. मग पेट्रोल प्यायलं कोणी? आणि दर वेळी मोजून चव्वेचाळीसच का? माझं डोकं चक्रावलं.

"बाबा, इंजिनाचा आवाज येतो का हो?"

"येतो की अधूनमधून. गाडीची मर्जी."

"गाडीला कसली आलीय मर्जी! खरं सांगा, कुठे जाता?"

बाबांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीत निघून गेले. तीन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला वाईट वाटत होतं, पण कुतूहल काही गप्प बसू देईना. चौथ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली.

"पेट्रोल शिळं झालंय, ताई," तो म्हणाला. "बरेच महिने वापरलं नाही की ही गाडी आपणहून इंजिन चालवून ते जाळते. आधी पडद्यावर तशी सूचनाही देते. जरा चालू करा बघू."

मी गाडी चालू केली. पडदा उजळला, काहीतरी अक्षरं आली, आणि सवयीने माझं बोट 'ठीक आहे'वर पडलंसुद्धा.

"हेच ते," मेकॅनिक म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर अक्षर न् अक्षर वाचणारी मी, रोज सकाळी ती सूचना न वाचता घालवत होते!

घरी आल्या आल्या मी किल्ली बाबांच्या पुढ्यात ठेवली. "चुकलं माझं."

त्यांनी ती उचलली नाही. मी त्यांच्या शेजारी बसले.

"पण बाबा, चव्वेचाळीसच का?"

"तुझ्या आत्याचं घर एकतीसवर आहे. येऊन-जाऊन बासष्ट. वीज पुरत नाही."

"मग?"

"बाविसाव्या किलोमीटरला थांबतो. तिला फोन करतो आणि परत फिरतो."

"फोन घरूनही लागतो की."

"लागतो. पण तिथून तिच्या घरामागच्या टेकडीवरची पाण्याची टाकी दिसते. तीही खिडकीत बसून टाकीकडे बघत बोलते. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नाही ना."

मला रडूच आलं. नऊ महिन्यांत भावाबहिणीची भेट नव्हती, आणि मध्ये उभा होता तो माझा नियम.

"ते शिळं पेट्रोल लवकर संपवायचंय," मी डोळे पुसत म्हटलं. "निम्मी टाकी आहे. आत्याकडच्या पाच फेऱ्या सहज होतील. जाताना तुम्ही चालवा, येताना मी."

बाबांनी किल्ली उचलली, मुठीत घट्ट धरली.

"तिला आधी सांगू नकोस हं," ते म्हणाले. "तिच्या दारात उभा राहून फोन करतो. तिला वाटू दे, मी बाविसाव्यावरूनच बोलतोय."