‘प’ आणि ‘ब’ नसलेलं गाणं

आम्ही पाच जण फुंकून वाजवायची वाद्यं वाजवायचो आणि कार्यक्रमाच्या शेवटी ती खाली ठेवून सगळे मिळून एक गाणं म्हणायचो. ही टूम भावोजींची, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याची. ते ट्रम्पेट वाजवायचे, मी बासरी. "वाद्यांशिवायही आपल्याला तोंड आहे, हे लोकांना कळू दे की!" असं म्हणायचे.

एका सकाळी दाढी करताना त्यांचा अर्धा चेहरा लुळा पडला. औषधं झाली, व्यायाम झाले. ओठ काही नीट जुळेनात. फुंक बाजूनेच निघून जायची. त्यांच्या खुर्चीवर एक नवी मुलगी आली.

"गाण्यापुरते तरी या," मी गळ घातली. ते आले. आमचं वाजवणं संपेपर्यंत पडद्याआड स्टुलावर बसून राहिले, मग आमच्यात येऊन उभे राहिले. आवाज तसाच, भरदार. पण ‘प’, ‘ब’, ‘म’ काही उमटेनात. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

त्या आठवड्यात ताई आणि मी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गाण्याचा कागद घेऊन बसलो. ओठ मिटावे लागतील असे सगळे शब्द खोडले. पहाटेची सकाळ केली, पाण्याचं जळ केलं. ताईला मधूनच हसू येत होतं. मग तिचं पेन थांबलं.

"अरे, यातला ‘मी’ गेला. ‘माझं’ गेलं. ‘आपण’सुद्धा गेलं."

"त्यांना नाही कळायचं," मी म्हटलं.

तालमीला भावोजींनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"अक्षर तुझ्या ताईचं," ते सावकाश म्हणाले. "माझ्या ओठांना झेपतील तेवढेच शब्द ठेवलेत."

मला मान वर करता येईना.

त्या संध्याकाळी ते कुठेही न अडखळता गायले. टाळ्या दणकून पडल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि त्यानंतर ते कधीच आले नाहीत.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. हनुवटीखाली रुमाल धरून ते चहा पीत होते.

"हल्ली कोणते शब्द गाता?"

"जुनेच."

"बरं केलंत," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची जराशी फिरवून घेतली, चेहऱ्याची चांगली बाजू माझ्याकडे येईल अशी, आणि नव्या मुलीचं वाजवणं कसं चाललंय ते विचारलं.